मोकळं दिसतं म्हणून

नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "चला, यंदा रण करू या! आपलीच गाडी, आपलाच रस्ता, टूरवाल्यांची कटकट नको." त्याखाली भराभर अंगठे उमटतात आणि मग खरी चर्चा सुरू होते : गाडी कोणाची, डिझेलचे किती, गाणी कोण लावणार. ज्यांना बघायला निघालो त्या जनावरांबद्दल मात्र एक ओळ नसते. या चर्चेत मीही उत्साहाने भाग घेतलेला आहे, तेव्हा पुढचं सगळं आधी स्वतःलाच ऐकवतोय असं समजा.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्वतः गाडी चालवत वाळवंटातले प्राणी-पक्षी बघायला जरूर जावं. बडोद्यात राहून कच्छचं रण न बघणं हा करंटेपणाच. पण बेत आखताना 'कुठे जायचं' याच्या आधी 'कुठे जायचं नाही' हे ठरवावं. जंगलात ते आपोआप ठरतं. झाडी असते, फाटक असतं, रस्ता एकच असतो. रणात ना झाड ना कुंपण, चारी दिशांना सपाट जमीन. ती मोकळी दिसते म्हणून आपण ती मोकळीच समजतो, आणि तिथेच चुकतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण छोट्या रणात गेलो होतो. वाटाड्याचे पैसे वाचवले, ही पहिली चूक. सकाळी घुडखरांचा कळप दिसला. मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, "जवळ घे, जवळ घे!" आणि आमच्या सारथ्याने चाकोरी सोडली. कळप उधळला. त्यात एक शिंगरू होतं, दोन-तीन महिन्यांचं असेल. ते मागे पडलं, थांबलं, भलत्याच दिशेला पळालं. फोटो आला, पण हललेला. पुढच्या दोन मिनिटांत गाडीची पुढची चाकं खाली गेली. वरचा पापुद्रा वाळलेला, खाली काळा चिकट चिखल. मोबाईलला रेंज नाही. पाच जणांत पाणी दीड बाटली.

दोन तासांनी एक अगरिया ट्रॅक्टर घेऊन आला. अगरिया म्हणजे रणात मीठ पिकवणारी माणसं. त्याने दोर बांधून गाडी ओढून काढली, पैसे घेतले नाहीत. मग पावडं घेऊन तो थोडा मागे गेला आणि गुपचूप माती ओढू लागला. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की कळपामागे धावताना त्याच्या नव्या आगराच्या पाळीवरून आमची गाडी गेली होती. तिथून खारं पाणी वाहून चाललं होतं. त्याच्या बायकोने आम्हाला पिंपातलं गोडं पाणी दिलं. ते पाणी त्यांना दुरून टँकरने आणावं लागतं. पाणी देताना तिने एवढंच विचारलं, "रस्तो हतो ने?" रस्ता होता ना? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. रस्ता होता.

छोट्या रणाचं घुडखर अभयारण्य जवळजवळ ५००० चौरस किलोमीटरचं आहे. घुडखर म्हणजे रानगाढव. १९६०च्या दशकात रोगाच्या साथींनी ती इतकी मेली की १९६९च्या गणतीत जेमतेम ३६२ उरली होती. २०२४च्या गणतीत हा आकडा ७,६७२ वर गेला. आपल्या देशात वन्यप्राण्यांच्या बाबतीत अशी चांगली बातमी क्वचितच मिळते. ही वाढ आपोआप झालेली नाही. संरक्षण मिळालं आणि रणाकाठच्या गावांनी शेतातलं नुकसान सोसूनही या जनावराला जगू दिलं. घुडखराची मादी अकरा महिने गाभण असते आणि पिल्लं पावसाळ्यात जन्मतात. म्हणजे हिवाळ्यात आपण गाडी मागे घालतो त्या कळपातल्या कितीतरी माद्या गाभण असतात. ताशी ६०-७० किलोमीटरने धावणारं जनावर बघताना आपल्याला मजा वाटते, पण ते मजेसाठी धावत नसतं.

आपल्या कॉलेजात बायबल वाचणारे बरेच आहेत, म्हणून एक आठवण करून देतो. ईयोबाच्या पुस्तकाच्या ३९व्या अध्यायात रानगाढव येतं, आणि त्याचं घर म्हणून उजाड रान आणि खारी जमीन येते. मी तो भाग लहानपणी ऐकला होता. त्याचा अर्थ रणातल्या त्या दोन तासांत कळला. ज्याला आपण 'काहीच नाही' म्हणतो, ते कोणाचं तरी घर म्हणून नेमून दिलेलं आहे.

मग बेत कसा आखावा? आधी महिना. पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं, तेव्हा जनावरं 'बेट' म्हणवल्या जाणाऱ्या उंचवट्यांवर सरकतात. १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असतं. पण १६ ऑक्टोबरला उघडलं म्हणजे जमीन वाळली असं नव्हे. ते आम्ही चाकं रुतवून शिकलो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. थंडी असते, जमीन टणक असते आणि पाहुणे पक्षीही आलेले असतात.

मग रस्ता. बडोदा, अहमदाबाद, विरमगाम, दसाडा हा चार-पाच तासांचा सरळ प्रवास आहे. दसाड्याच्या बाजूला दोन रात्री काढा. डांबरी रस्त्यावर तुम्ही सारथी. रणात पाऊल टाकताना मात्र परवाना घ्या आणि स्थानिक वाटाड्याला शेजारच्या सीटवर बसवा. सपाट रणात खूण म्हणून काही नसतं, दुपारी मृगजळ क्षितिजच खाऊन टाकतं. वाटाड्याला दिशा कळते आणि कोणत्या पाळीपलीकडे जायचं नाही हेही कळतं.

तिसऱ्या दिवशी भूज. तिथून उत्तरेला बन्नीचं गवताळ रान आणि छारीढंढ. ढंढ म्हणजे उथळ पाणथळ जागा. छारीढंढला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, गुजरातमधलं ते पहिलं. हिवाळ्यात क्रौंच पक्ष्यांचे थवे संध्याकाळी तिथे उतरतात. तो आवाज ऐकायला गाडीतलं गाणं बंद करावं लागतं. धोरडोच्या पांढऱ्या रणासाठीही परवाना लागतो. सीमा जवळ आहे, ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं आणि ड्रोन घरीच ठेवलेला बरा.

बाकी सामान साधं आहे. माणशी रोजचं पाच लिटर पाणी, वर एक राखीव कॅन. टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरायची. स्टेपनीत हवा आहे ना, हे बडोद्यातच बघायचं. मोबाईलमधला नकाशा आधी उतरवून ठेवायचा. रात्री गाडी चालवायची नाही, कारण नीलगाय आणि बिनदिव्याच्या उंटगाड्या दोन्ही अचानक समोर येतात. दुर्बीण दोघांत एक तरी असावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं : जनावर दिसलं की इंजिन बंद, आवाज बंद, गाडीतच बसायचं. गाडीला जनावरं बुजतात त्यापेक्षा उभ्या माणसाला जास्त बुजतात. वीस मिनिटं गप्प बसलात तर कळप स्वतः जवळ येऊ शकतो. पाठलाग करून हे कधीच घडत नाही.

कोणी म्हणेल, परदेशात तर लोक बिनधास्त स्वतःच गाडी घेऊन फिरतात. नामिबियातल्या इटोशाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण तिथले नियम बघा. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर फाटक बंद, वेग ताशी ६० च्या आत, ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, रस्ता सोडायचा नाही. लोक पाणवठ्याशी गाडी लावून तासन्‌तास वाट बघतात. म्हणजे वाटाड्या नसला तर त्याचं काम आपल्यालाच करावं लागतं, आणि त्यातलं मोठं काम स्वतःला अडवण्याचं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एक मित्र मला म्हणाला, "अरे, आपल्या एका गाडीने काय होतंय? तिकडे माळढोक मरतोय तो वीजतारांनी." तो खोटं बोलत नाही. माळढोक हा आपल्या देशातला जवळजवळ सगळ्यात जड उडणारा पक्षी. आज साधारण दीडशेच्या आसपास उरलाय, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. त्याला समोरचं नीट दिसत नाही, जड शरीर पटकन वळत नाही, तारांवर आपटून तो मरतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमध्ये अशा धडकांनी वर्षाला १८ माळढोक जातात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. कच्छमध्ये नलियाजवळ तर काही मोजक्या माद्याच राहिल्या, नर दिसेनासा झाला. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य माळढोकासाठीच झालं होतं. आता तिथे त्याची आठवणच जास्त.

पण हे सगळं कशातून आलं? 'ओसाड पडलंय, वापरून टाकू' याच समजुतीतून. तारा ओढणाऱ्याला माळ मोकळा दिसला, आम्हालाही रण मोकळंच दिसलं होतं. प्रमाण वेगळं, नजर तीच. माळढोक जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. ते मातीच्या रंगाचं असतं. चाकाखाली आलं तर चालवणाऱ्याला कळणारही नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : फोटोसाठी माळढोक शोधत फिरणं आपण सोडून द्यावं. जैसलमेरला गेलात तर वनखात्याने आखलेल्या वाटेवरून दिसला तर दिसला. फलोदीजवळ खिचनला कांड्या करकोचे बघा. तिथल्या गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकून हजारो पक्षी आपलेसे केलेत आणि बघणाऱ्याने कुठे उभं राहायचं तेही ठरवून दिलंय.

तिसरा आक्षेप पैशांचा. वाटाडा परवडत नाही, हे आपण पाच जण मिळून म्हणतो आणि परतीच्या वाटेवर एका जेवणावर तेवढेच उडवतो. हा हिशेब मी केलेला आहे, तेव्हा त्यावर वाद नको.

यंदाच्या सहलीसाठी मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे. गाड्या दोनच, जागा दोनच, रात्री चार. निघण्याआधी एका कागदावर 'इथे जायचं नाही' अशी यादी करू या : चाकोरीबाहेर नाही, आगराच्या पाळीवर नाही, कळपाच्या मागे नाही, घरट्याच्या जवळ नाही. तो कागद चालवणाऱ्याच्या समोर, काचेखाली चिकटवू या. आणि डिकीत अगरियांसाठी गोड्या पाण्याचे दोन मोठे कॅन घेऊन जाऊ या. मागच्या वेळचं पाणी आम्ही अजून फेडलेलं नाही.