दोन जिवांचं पाणी

१९७३च्या उन्हाळ्यात वहिनीचं डोहाळजेवण झालं. दुष्काळ होता, घरात मिलोच्या भाकरी होत्या; तरी आईनं उसनवारी करून हिरवी साडी आणली. बायांनी गाणी म्हटली. "काय खाऊ वाटतंय गं?" असं ज्यानं त्यानं विचारलं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत वहिनी डोक्यावर चुंबळ ठेवून पाण्याला गेली. सातवा महिना होता.

आड आटला होता. ओढ्यात झिरा उकरलेला, वाटीवाटीनं हंडा भरायचा. त्याच ओढ्यात जनावरं उतरायची, त्याच काठाला गाव परसाकडं जायचं. वहिनी दोन खेपा आणायची. पाणी आधी आमच्या आबांना, मग पाहुण्याला, मग आम्हा पोरांना. तळाचं गढूळ उरेल ते तिला. तेही ती जपून प्यायची. आईनं एकदा हटकलं तर म्हणाली, "आत्याबाई, पानी पिलं की उठावं लागतंय. दिसाचं कुठं जाऊ?"

तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, भरपूर पाणी प्या, उकळून प्या. वहिनीनं मान हलवली. पाणी कुठलं आणि उकळायला सरपण कुठलं, हे त्यानं विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही.

आठव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ उतरवणाऱ्याकडं चार दिवस गेले. बैलगाडीत घातली तेव्हा ती शुद्धीत नव्हती. दोन्ही जीव गेले. गाव म्हणालं, नशीब.

नशीब कसलं? घाण पाण्यातून पसरणारी एक कावीळ आहे, डॉक्टर तिला हिपॅटायटिस ई म्हणतात. इतरांची ती बहुतेक वेळा आपोआप बरी होते. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाली, तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. वहिनीला तीच होती का, हे तपासणारं तेव्हा कुणी नव्हतं. पण ती कुठलं पाणी पीत होती, हे सगळ्या घराला माहीत होतं.

आजही म्हातारी माणसं म्हणतात, "आमच्या आया तेच पाणी प्यायल्या, काय झालं?" ज्यांना झालं त्या सांगायला राहिल्या नाहीत, एवढंच. कापडानं गाळलं की कचरा जातो, तुरटीनं गाळ बसतो. रोग मरायला पाणी खळखळ उकळावं लागतं, नाहीतर क्लोरीन घालावं लागतं. आणि पाणी कमी प्यायलं की लघवीला जळजळ, मग संसर्ग, त्यातून कधी दिवस भरायच्या आत कळा. म्हणून दिवसाला आठ-दहा पेले सांगतात, उन्हात त्याहून जास्त.

पण हा सल्ला द्यायचा कुणाला? भिंतीवरच्या चित्रात ती एकटीच पेला धरून हसते. जसं काही पाणी पिणं ही तिची एकटीची जबाबदारी! २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, फोटो छापून आले. त्याच उन्हाळ्यात आमच्या वाडीत टँकरमागं हंडे घेऊन बायाच पळत होत्या, त्यात पोटुशाही होत्या. पुरुष पारावर बसून टँकरवाल्याला शिव्या देत होते. २०१९पासून सरकार माणशी ५५ लिटर घरच्या नळाला देऊ म्हणतं. आमचा नळ चौथ्या दिवशी येतो. मधले तीन दिवस हंडा कुणाच्या डोक्यावर असतो?

म्हणून माझं म्हणणं बाईला नाही, घराला आहे. सून दोन जिवांची आहे असं कळलं, त्या दिवसापासून हंडा नवऱ्यानं उचलावा, दिरानं उचलावा. उकळलेल्या पाण्याची कळशी तिच्या नावानं वेगळी ठेवा. पहिला तांब्या तिला द्या, सासऱ्याला नंतर. आणि साडीचोळीच्या आधी घराला संडास बांधा.

त्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांचा होतो, अंगानं धडधाकट. वहिनीच्या हातचं पाणी मी रोज प्यायलो. हंडा एकदाही उचलला नाही.