नशिबाच्या नावाने मांडवली

आपल्या मोहल्ल्यांत अपघाताचा निवाडा फार लवकर होतो. पोरगा अजून नांदेडला व्हेंटिलेटरवर असतो आणि इकडे चार जाणती माणसे ट्रॅक्टरमालकाच्या ओसरीवर बसून आकडा ठरवून मोकळी होतात. अशी बैठक मी माझ्या बहिणीच्या घरासाठी होताना पाहिली आहे, म्हणून लिहिते.

माझा भाचा कळमनुरी तालुक्यात मोटारसायकल दुरुस्तीचे काम करायचा. तीन वर्षांपूर्वी, उसाच्या हंगामात, वारंगा फाट्याकडून रात्री घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, हेही सांगून टाकते. जवळच्या एका खासगी दवाखान्यात डोक्याला टाके घातले. तो बोलत होता, चहाही प्याला. ‘घरी न्या, सकाळी दाखवा,’ एवढेच सांगण्यात आले. सिटी स्कॅनचा विषयच निघाला नाही. पहाटे उलट्या सुरू झाल्या, नंतर तो हाक मारून उठेना. नांदेडला पोहोचेपर्यंत उजाडले होते.

डोक्याला मार लागलेला माणूस काही तास शुद्धीत राहतो, आत रक्त साठत जाते आणि मग तो अचानक ढासळतो. वैद्यकात हे नवीन नाही. म्हणून तर अशा रुग्णाला नजरेखाली ठेवतात, दर थोड्या वेळाने डोळ्यांच्या बाहुल्या तपासतात, सोय नसेल तर सोय असलेल्या ठिकाणी वेळेत पाठवतात. यातले काही झाले नाही. आणि जे झाले त्याचा कागदही आमच्याकडे नव्हता. रोख पैसे दिले, पावती घेतली नाही. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून हा नियम आहे, पण मागायचे असते हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होते?

बैठकीत साठ हजार ठरले. बाँडवर सह्या झाल्या, पोलिसांत तक्रार द्यायची नाही असे कबूल करून घेतले गेले. मी बोलायला गेले तर एक बुजुर्ग म्हणाले, “जाने दो आपा, अल्लाह की मर्जी.” ट्रॉलीला दिवा न लावणे ही अल्लाहची मर्जी कशी काय, ते त्यांनी सांगितले नाही.

साठ हजार आले कुठून? ‘हातपाय शाबूत आहेत, अल्हमदुलिल्लाह’ या हिशेबातून. हातपाय शाबूतच आहेत. पण तो आता कोणता नट कुठला हे विसरतो, सुट्टे पैसे मोजताना चुकतो, एकाएकी भडकतो, मुलीचा आवाज सहन होत नाही म्हणून दार आपटतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे की शरीराचे अपंगत्व किती टक्के, एवढ्यावर थांबू नका; माणसाची कमाई किती बुडाली ते बघा. मेकॅनिकचा मेंदू गेला तर त्याचा धंदा गेला. २०२० साली याच न्यायालयापुढे एका बारा वर्षांच्या मुलीचे प्रकरण आले होते. मेंदूला झालेल्या इजेने ती आयुष्यभरासाठी परावलंबी झाली होती. भरपाई वाढवत न्यायालयाने ६२ लाखांवर नेली, आणि त्यात तिच्याजवळ जन्मभर राहणाऱ्या माणसाच्या कष्टाचे मोल धरले. आमच्या बैठकीत जन्मभर जवळ राहणारी माणूस, म्हणजे भाच्याची बायको, बोलावलीच नव्हती. ती इस्पितळाच्या जिन्यात बसली होती.

‘मयताचे, जखमीचे पैसे खायचे नसतात’ आणि ‘विमा हराम आहे’ असेही आपल्यात ऐकू येते. विम्याबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण इथे भरपाई मागणारा विमा काढत नाही. दुसऱ्याच्या चुकीने ज्याचे नुकसान झाले तो आपला हक्क मागतो आहे. आणि खुद्द फिकहमध्ये दियत आहे की नाही? मग ओसरीवर गुपचूप घेतलेले साठ हजार हलाल आणि न्यायाधिकरणातून मिळणारे हराम, हा कोणता मसला?

आता कायद्याची गंमत. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती. ती १९९४ मध्ये काढून टाकली, कारण गरिबांचे दावे बुडत होते. २०१९च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. मेंदूच्या रुग्णाच्या घराला सहा महिने म्हणजे काय, हे कायदा करणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे. सहा महिन्यांनी आमचा पोरगा आईला नावाने हाक मारायला लागला होता.

त्याच कायद्यात एक चांगली सोयही आहे. पोलिसांनी पाठवलेला अपघाताचा अहवालच न्यायाधिकरण दावा म्हणून घेऊ शकते. मे २०२५ पासून अपघातानंतर सात दिवस, दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना आली, तिलाही पोलिसांचा दुजोरा लागतो. म्हणजे ‘पोलिसांत जायचे नाही’ हे एक कलम मान्य केले की सगळ्या वाटा आपणच बुजवतो.

दवाखान्यांचे काय? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका स्कूटरस्वाराची हकीकत आली. मेडिको-लीगल केस म्हणून त्याला वीस किलोमीटर दूरच्या इस्पितळात पिटाळले, तो वाटेतच गेला. आधी जीव वाचवा, कागद नंतर, असे न्यायालयाने बजावले. १९९६ मध्ये डोक्याला मार लागलेल्या एका बंगाली मजुराला सरकारी इस्पितळांनी एकामागून एक परत पाठवल्याबद्दल राज्याला भरपाई द्यायला लावली. निकाल जुने झाले, रस्ता तोच. हिंगोलीत २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, आनंद आहे. पण डोक्याचा रुग्ण अजून नांदेडलाच धावतो, आणि त्या नांदेडच्या विष्णुपुरीत २०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले होते. खासगी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात दोन वर्षांत जाता येते, पैसे भरल्याचा पुरावा असेल तर काम सोपे. जिथे सर्वांवर मोफत उपचार होतात त्या सरकारी इस्पितळाविरुद्ध १९९५च्या निकालाने तेही दार बंद आहे. सर्वांत गरीब माणसाला सर्वांत कमी दाद, असा हा हिशेब आहे, आणि तो बदला म्हणून आपण एकदाही मोर्चा काढलेला नाही. इतर गोष्टींसाठी काढतो.

हेल्मेटचेही आपल्यातच बोलले पाहिजे. टोपीवर हेल्मेट बसत नाही म्हणणारे तरुण मला भेटले आहेत; एका गाडीवर तिघे इज्तेमाला जातात. न्यायाधिकरणात समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीत पुन्हा अशीच बैठक बसली. यावेळी मी न बोलावता गेले, जखमी पोराच्या बायकोला सोबत नेले. बाँड टेबलावर तयार होता. ती म्हणाली, “आधी एफआयआर, मग बोलू.” दोन बुजुर्ग उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि त्यातल्या एकाने तिला ठाण्यापर्यंत आपल्या रिक्षातून सोडले. एफआयआरची झेरॉक्स आता तिच्याकडे आहे, नांदेडच्या नोंदींसाठी अर्ज गेला आहे, आणि सहा महिन्यांपैकी पाच शिल्लक आहेत.