पडण्याचे शिक्षण

मूल पाण्याजवळ गेले की आईबापांचे काळीज धडधडू लागते. ही धास्ती अकारण नव्हे. पाणी लहानथोर ओळखत नाही. परंतु भीतीपोटी मुलाला पाण्यापासून सदैव दूर ठेवणे आणि हौसेपोटी त्याला एकदम खोल पाण्यात लोटणे, हे दोन्ही मार्ग चुकीचेच होत. मूल पडले तरी त्याला इजा होऊ नये अशी तजवीज करणे आणि मग त्याला पडू देणे, हे शिक्षकाचे खरे काम आहे. वेकबोर्ड हा खेळ याची उत्तम साक्ष देतो.

या खेळात मोटारनौकेला लांब दोर बांधलेला असतो. दोराची मूठ धरून आणि दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर बसवून खेळाडू पाण्यावरून घसरत जातो. नौकेमागे उठणाऱ्या लाटेला इंग्रजीत वेक म्हणतात. तिच्यावरून फळीला हे नाव मिळाले. हा खेळ अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात आकारास आला. पण त्याचे मूळ अधिक जुने आहे. १९२२ साली मिनेसोटा राज्यातील राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाने पाइनच्या दोन फळ्यांची टोके वर वाकविली आणि तो पेपिन सरोवरात उतरला. भाऊ नौका हाकीत होता. राल्फ पुनःपुन्हा पडला. अखेर मागे रेलून फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवली पाहिजेत, हे त्याला उमगले आणि तो पाण्यावर उभा राहिला.

आजच्या मुलाला ही युक्ती शोधावी लागत नाही. पण पडणे त्यालाही चुकत नाही. गुडघे छातीशी घेऊन व हात सरळ ठेवून ते पाण्यात तरंगत असते. नौका ओढू लागताच त्याला उभे राहण्याची घाई होते. ते कोपर वाकवून दोर स्वतःकडे ओढते आणि कोसळते. पाण्याने फळी उचलीपर्यंत धीर धरावा व मग सावकाश उठावे, हे शब्दांनी कितीही सांगितले तरी दोनचार वेळा नाकातोंडात पाणी गेल्यावाचून नीट कळत नाही.

म्हणून पूर्वतयारी कसून हवी. मुलाला प्रथम पोहता आले पाहिजे. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात. भोपळा बुडू देत नाही. हातपाय मात्र मुलालाच मारावे लागतात. अंगातल्या लाइफ जॅकेटचेही तसेच आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर मूठ धरून उठण्याचा सराव करावा, आणि तोल जाताच दोर सोडण्याची सवय लावावी. चालकाची दृष्टी पुढे असते. यास्तव मुलावर नजर ठेवण्यास नौकेत दुसरा माणूस असावा. पडलेल्या मुलाजवळ येताच इंजिन बंद करावे.

इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यासमोरून आडवा हात म्हणजे थांबा. ही शेवटची खूण फार मोलाची आहे. मुलाने ती केली असता काही वडीलधारी माणसे हसतात व "भितोस काय? आणखी एकदा!" असे डिवचतात. अशाने मूल शूर होत नाही. ते आपला थकवा लपवू लागते, आणि पाण्यात लपविलेला थकवा घातक असतो.

एवढे जपल्याने मुले दुबळी होतील, असा आक्षेप कोणी घेईल. तो टिकणारा नाही. आपण म्हणताच नौका थांबेल, अशी खात्री असलेले मूल दहा वेळा पडूनही अकराव्यांदा आपणहून दोर मागते. धैर्य हे अशा विश्वासातून वाढते. नौका मोठ्यांच्या हाती असते. तिचा वेग मात्र मुलाच्या खुणेने ठरावा.