नमुना कोणत्या हापशाचा?

आर्सेनिकला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात ते २००२मध्ये उघडकीस आलं, पश्चिम बंगालमध्ये त्याच्या कितीतरी आधी. वर्षानुवर्षं असं पाणी पिणाऱ्यांच्या कातडीवर डाग पडतात, तळहात-तळपाय कठीण होतात, कर्करोगाचा धोका वाढतो.

तपासणी गावातही करता येते. नमुन्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकली की आर्सेनिकचा वायू तयार होतो. मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदी पट्टी त्याने पिवळी पडते, प्रमाण जास्त असेल तर तपकिरी. तो रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. भारतीय मानक लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. या मर्यादेच्या आसपास डोळा फसू शकतो, म्हणून शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायलाच हवा.

पण नमुना कोणत्या हापशाचा घेतला, हे रसायनशास्त्र ठरवत नाही. एकाच गावातल्या जवळजवळच्या दोन हापशांत आर्सेनिकचं प्रमाण खूप वेगळं असू शकतं. मुखियाच्या दारातलं पाणी चांगलं निघालं, म्हणून मुसहर टोल्याचं पाणी चांगलं ठरत नाही.

आणि टोल्याचा हापसा दूषित निघाला तर? बांगलादेशात दूषित हापशांना लाल आणि सुरक्षित हापशांना हिरवा रंग दिला गेला. सल्ला सोपा होता: शेजारच्या हिरव्या हापशावर जा. आपल्याकडे तो हिरवा हापसा सवर्णांच्या अंगणात असेल, तर हा सल्ला कोणाला पाळता येईल? महाडला १९२७ साली विचारलेला प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. जात गृहीत न धरता आखलेला उपाय जातीपाशीच अडतो.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं आहे. त्या पाचजणी कोणत्या वस्तीच्या, हे ग्रामसभेत विचारा. प्रत्येक सार्वजनिक हापशाची तपासणी मागा, नोंदीत टोल्याचं नाव मागा आणि निकाल हापशावरच लिहायला लावा. टोल्याचा हापसा दूषित असेल, तर सुरक्षित पाणी टोल्यातच आणून द्या, ही मागणी लेखी करा.

आपल्यातल्या अनेकांनी बीएस्सीला कलरीमीटर हाताळला आहे. घरातली पहिली पदवी वस्तीच्या कामी यायची असेल, तर सुरुवात या एका पट्टीपासूनही होऊ शकते.