चित्रातलं पाणी

भाचीनं दिलेला टॅरो पत्त्यांचा संच घेऊन हल्ली मी दुपारी शिकायला बसते. पत्ते ७८, २२ मोठे, ५६ लहान. पंधराव्या शतकात इटलीत हे नुसते खेळायचे पत्ते होते. भविष्य मागाहून चिकटलं. नवशिकीनं रोज एकच पत्ता उचलावा, चित्र निरखावं, मनात आलेलं वहीत दोन ओळी लिहावं. पुस्तकातला अर्थ त्यानंतर.

परवा शेजारच्या वहिनी आल्या. "बघा हो, पाटल्या मोडून डाळिंबासाठी बोअर घेऊ का?" निघाला 'तारा'. दोन घागरींनी पाणी ओतणारी बाई! वहिनींचा चेहरा फुलला. आमच्या सांगोल्यात पाणी म्हणजे जीव की प्राण! माझ्या मात्र पोटात गोळा आला.

म्हटलं, "वहिनी, हे पाणी पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईनं काढलंय, १९०९ साली लंडनला निघालेल्या संचासाठी. ते तुमच्या रानातलं नव्हे. आधी शेजारच्या बोअरांना किती फुटांवर पाणी लागलं ते विचारा, भूजलाच्या जाणकाराला रान दाखवा, मग दोघं मिळून हिशेब मांडा."

वहिनी हिरमुसल्या खऱ्या. पण पाटल्या अजून हातात आहेत, आणि हिशेबाची वहीही उघडली आहे. पत्त्यानं विचाराला तोंड फोडावं, निर्णय आपणच घ्यावा. माझा पहिला धडा हाच.