पाकीट त्याचे, पैसा तिचा

आभासी चलनाचे पाकीट लुटले गेले की घरात पहिला प्रश्न चोराबद्दल विचारला जात नाही. “कुणी सांगितलं होतं या भानगडीत पडायला?” हा पहिला प्रश्न, आणि तो बाईला विचारला जातो. तिने स्वतः पैसे घातले असतील तर ती लोभी. तिचे दागिने मोडून नवऱ्याने घातले असतील तर “संसारासाठीच केलं ना त्यानं?” दोन्हीकडून चोर सुटतो आणि बाई अडकते.

आपल्या बैठकांतही मी ऐकले आहे, की हा पैसेवाल्यांचा सट्टा आहे, चळवळीने त्यात कशाला पडायचे? या म्हणण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. बिटकॉइन चांगले की वाईट हा वाद वेगळा. नवरा मटक्यात पगार घालवतो तेव्हा मटका वाईट म्हणून आपण त्याच्या बायकोला दारातून परत पाठवत नाही. मग इथेच का?

जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, गुलाल, खोबरे, दवणा विकणाऱ्या बायकांचे वर्ष चैत्र यात्रेवर उभे असते. तिथल्या एका बाईने यात्रेची कमाई आणि दोन पाटल्या मोडून आलेली रक्कम दिराच्या हवाली केली. त्याने ती मोबाईलमधल्या पाकिटात घातली. पाकीट उघडणारे बारा शब्द त्याच्याकडेच. काही महिन्यांनी पाकीट रिकामे झाल्याचे त्याने सांगितले. ती तक्रार द्यायला गेली तर उत्तर मिळाले, “मावशी, मोबाईल कुणाचा? त्याला पाठवा.” त्याला जायचे नव्हते. पैसे बाहेरच्याने नेले की घरातल्याने, हे विचारायचीही सोय उरली नाही.

हे बारा शब्द म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. बँकेच्या खात्यावर नाव असते, सही असते, वारस असतो. या पाकिटात यातले काही नाही. ज्याच्याकडे शब्द, त्याचा पैसा. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईची जी गत, तीच इथे. शेत कसले तिने, उतारा त्याच्या नावावर.

आणि रखवालदारांवर विसंबावे, तर पुण्याचे प्रकरण आठवा. दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असे आमिष दाखवणारी ‘गेनबिटकॉइन’ योजना २०१५ साली सुरू झाली. २०१८ साली पुणे पोलिसांनी तपास हाती घेतला, मदतीला दोन सायबर तज्ज्ञ घेतले. मार्च २०२२ मध्ये त्याच तज्ज्ञांना पोलिसांना अटक करावी लागली. आरोपींच्या पाकिटांतले चलन तपासादरम्यान परस्पर वळवले, हा त्यांच्यावरचा आरोप. २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशभरची प्रकरणे सीबीआयकडे दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठ ठिकाणी छापे घातले, त्यात आपले कोल्हापूरही होते. सुमारे चोवीस कोटींचे चलन जप्त झाले. ते ज्यांचे होते त्यांत किती बायकांचे दागिने होते, हा प्रश्न कुठल्या पंचनाम्यात येणार?

जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या बाजारातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे चलन चोरीला गेले. तिथे पाकिटाला एक नव्हे, अनेक सह्या लागत. आपल्या बचत गटाच्या पेटीला दोन-तीन कुलपे आणि किल्ल्या वेगवेगळ्या बायकांकडे, तसेच ते. तरी चोरी झाली. कंपनीचे म्हणणे असे, की पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावरच. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवे आहे का? भावाने सांगितले एक आणि हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला दुसऱ्यासाठी, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो.

पण याच चोरीनंतर एक चांगली गोष्ट घडली. खाते गोठवले गेलेल्या एका गुंतवणूकदार स्त्रीने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले, की आभासी चलन ही मालमत्ता आहे. मालमत्ता आहे म्हटल्यावर तिची चोरी होते, तिचा अपहार होतो, आणि ती स्त्रीधनातून आलेली असू शकते. स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे. हे दोन धागे जोडून लढणे आपले काम आहे.

म्हणून चोरी झाली की काय करायचे, ते प्रत्येक गटात पाठ असायला हवे. पाकिटात काही शिल्लक असेल तर दुसऱ्या मोबाईलवर नवे पाकीट, नवे शब्द तयार करून ती आधी तिकडे हलवा. नुसता पासवर्ड बदलून उपयोग नाही, जुने शब्द चोराकडे आहेत. लगेच १९३० ला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून ठेवा. बँकेतून रुपये गेले असतील तर ते वाटेत अडवायला पहिले काही तासच हाती असतात.

मोबाईलमधले काही पुसू नका. ज्या पत्त्यावर चलन गेले तो पत्ता, व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ वहीत उतरवा. या चलनाची खातेवही सगळ्यांना उघडी असते. चोराचे नाव दिसत नाही, पण पैसा कुठून कुठे गेला ते दिसते. तो चलन विकायला देशातल्या बाजारात आला तर तिथे त्याची ओळख नोंदलेली असते. मार्च २०२३ पासून हे बाजार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत. म्हणून त्या बाजारालाही लेखी कळवा.

ठाण्यात एकटीने जाऊ नका आणि तोंडी बोलून परतू नका. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घेणे पोलिसांना बंधनकारक आहे. तिची प्रत फुकट मिळते. नोंद नाकारली तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे १७३ वे कलम सोबत ठेवा. मोबाईल जमा करून घेतला तर पंचनाम्यात पाकिटाचा पत्ता आणि शिल्लक लिहून घ्या. पुण्याचा धडा तोच आहे.

“पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा” म्हणणारा दुसरा चोर समजा. झालेला व्यवहार कुणालाही उलटा फिरवता येत नाही.

आणि संशय घरातल्यावर असेल तर गप्प बसू नका. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ आर्थिक छळाला हिंसाच मानतो आणि स्त्रीधन परत करण्याचा आदेश मागता येतो. दागिने मोडल्याची सोनाराची पावती, बँकेची नोंद, साक्षीदार शेजारीण, हे सगळे पुरावे आहेत.

आपल्या मागण्या साध्या आहेत. मोबाईल कुणाचा हे विचारण्याआधी पैसा कुणाचा हे विचारा. तक्रार बाईच्या नावाने घ्या. जप्त चलनाचा हिशेब तक्रारदारांना दाखवा. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते आहे, आता मुंबई लांब आहे ही सबब उरलेली नाही. आणि गटांनी आपल्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारावे: घरच्या पैशाची किल्ली कुणाकडे आहे? उत्तर न देणाऱ्या बायका जितक्या, तितके आपले काम बाकी आहे.