स्वमग्न कोण? मूल की समाज?

जून महिना उजाडला की पंचवटीत शाळाप्रवेशाची धावपळ सुरू होते. दिंडोरी रस्त्यावरील बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या एखाद्या हमालाची पत्नी सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून शाळेच्या कचेरीत उभी राहते. घंटा वाजताच मूल कानांवर हात घट्ट दाबते. नाव विचारले तर उत्तर न देता विचारणाऱ्याचाच प्रश्न पुन्हा उच्चारते, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही. मग तिला मृदू शब्दांत सांगितले जाते, "बाई, याच्या मेंदूतच फरक आहे. त्याला आमची शाळा काय करणार?" हे उत्तर सभ्य आहे आणि त्याला विज्ञानाचा मुलामाही आहे, म्हणूनच त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

विज्ञान खरोखर काय सांगते? १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला नाव दिले. त्यानंतर कित्येक वर्षे विद्वानांनी दोषाचे खापर आईच्या माथ्यावर फोडले. आईच्या मायेत ऊब नसते म्हणून मूल आत मिटते, असा सिद्धान्त ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तो टिकला नाही. १९७७ मध्ये फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या तपासल्या. अकरा एकसारख्या जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. दहा भिन्न जोड्यांत असे एकही उदाहरण सापडले नाही. कारणांचा शोध आनुवंशिकतेकडे आणि मेंदूच्या घडणीकडे वळला आणि आई निर्दोष ठरली. परंतु हा निकाल नाशिकच्या घराघरांत अद्याप पोहोचलेला नाही. तिथे आजही आईची नोकरी, हातातला मोबाईल किंवा पत्रिकेतला ग्रहदोष यांवरच खटला चालतो, आणि शांतिविधीच्या दक्षिणेत गरिबाची तुटपुंजी शिल्लक संपून जाते.

मेंदूत फरक असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. चेहरे ओळखताना मेंदूचा जो भाग विशेष कार्यरत होतो, त्याचा प्रतिसाद स्वमग्न व्यक्तींत वेगळा असल्याचे २००० साली दाखवले गेले. पुढे स्वमग्न ठरलेल्या अर्भकांची नजर आरंभी इतरांप्रमाणेच डोळ्यांकडे वळते आणि दोन ते सहा महिन्यांच्या काळात ती हळूहळू ढळू लागते, असे २०१३ मधील संशोधनात आढळले. पण याच शास्त्राची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. मेंदूचे छायाचित्र काढून स्वमग्नतेचे निदान करता येत नाही. ते आजही वर्तनाच्या निरीक्षणावरूनच होते. कोणते मूल काय शिकेल आणि कोणते शिकणार नाही, याचा निवाडा तर कोणतेही यंत्र देत नाही. ज्याची नजर वेगळी चालते त्याला वेगळ्या रीतीने शिकवावे, एवढाच निष्कर्ष या संशोधनातून निघतो. त्याला शिकवूच नये हा निष्कर्ष शाळेने पदरचा जोडलेला आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. या मुलांना इतरांची मने वाचता येत नाहीत असे म्हणतात. पण इतरांना या मुलांचे मन वाचता येते काय? स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला आणि हा गैरसमज दुहेरी असल्याचे प्रतिपादन केले. २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी स्वमग्न व्यक्तींच्या काही क्षणांच्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. पाहणाऱ्यांनी तेवढ्यावरच त्यांच्याशी ओळख वाढवण्याची अनिच्छा दर्शवली. मात्र त्याच व्यक्तींचे बोलणे केवळ कागदावर उतरवून दिले तेव्हा ती अनिच्छा उरली नाही. दोष बोलण्यात नव्हता. तो पाहणाऱ्याच्या झटपट मत बनवण्यात होता. भारतात प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीत मुलाविषयी चाळीस मुद्दे आहेत. त्याच्या शाळेविषयी, शेजाऱ्यांविषयी मात्र एकही नाही.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मान्य केला पाहिजे. काही मुलांना वाचाच नसते, अष्टौप्रहर सोबत लागते. साठ मुलांच्या वर्गात त्यांना नुसते बसवणे ही क्रूर थट्टा ठरेल. विशेष शाळांची गरज आहेच. रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये याच नाशिकमध्ये बौद्धिक अपंग मुलांसाठी प्रबोधिनी उभी केली, ती हीच गरज ओळखून. परंतु विशेष शाळा हा मुलाचा पर्याय असावा. सामान्य शाळेची पळवाट नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. १९९५ च्या कायद्याच्या यादीत तर स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता.

मग अडते कुठे? अडते ते खर्चावर. वाचोपचार आणि व्यवसायोपचार बव्हंशी खाजगी बाजारात तासाच्या दराने विकले जातात. ज्याला परवडत नाही त्याच्या घरी आई मजुरी सोडून स्वतःच उपचारक, शिक्षिका आणि राखणदार बनते. तिच्या या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही, म्हणूनच शासनाला ही व्यवस्था स्वस्त वाटते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमाछत्र आहे. पण त्यासाठी आधी प्रमाणपत्र हवे, आणि प्रमाणपत्रासाठी हेलपाटे. दर बारा वर्षांनी लाखो अनोळखी भाविकांसाठी घाट, रस्ते आणि निवारे उभारण्याची कुवत या नगरीच्या प्रशासनात आहे. शाळेत एक शांत खोली आणि एक विशेष शिक्षक देण्याची कुवत नाही, हे कोणी पटवून घ्यावे?

याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे लढवला. जातीचा अन्याय आणि हा अन्याय एका मापाने मोजता येणार नाहीत. तरीही दार अडवणाऱ्याची भाषा परिचित वाटते: 'यांचा जन्मच वेगळा, त्याला आमचा इलाज नाही.' तेव्हा आधार धर्मशास्त्राचा होता. आता तो मेंदूशास्त्राचा घेतला जातो.

म्हणून कार्यकर्त्यांनी सहानुभूतीचे ठराव बाजूला ठेवून कामाला लागावे. आपल्या वस्तीतील अशी मुले शोधावीत, आईबरोबर रुग्णालयात जाऊन प्रमाणपत्र मिळवून द्यावे, प्रवेश नाकारणाऱ्या शाळेकडून नकार लेखी मागावा आणि तो कागद शिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवावा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून बसणाऱ्यांनी विशेष शिक्षकाच्या पदाची मागणी लावून धरावी. कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला निदान आवाजाचा त्रास तरी होतो. त्याच्या आईचे म्हणणे ऐकू नये म्हणून कानांवर हात ठेवणाऱ्या समाजापाशी कोणती सबब आहे?